पाणी फेकणारं कासव

१

"तुमच्या मुलीने मॅच विकली, असं स्पर्धेच्या कमिटीचं म्हणणं आहे," मच्छिंद्र दारातूनच म्हणाला.

सीताराम गायकवाड मेथी निवडत बसले होते. हातातली जुडी त्यांनी ताटात ठेवली. "आधी आत या. असल्या गोष्टी जिन्यात बोलत नाहीत."

मच्छिंद्र आत आला. बिबवेवाडीत त्याचा गेमिंग कॅफे होता आणि दीक्षा त्याच्या संघाकडून खेळायची. एरवी हा माणूस आधी टोमणा मारायचा आणि मग बसायचा. आज नुसताच बसला. आतल्या खोलीचं दार बंद होतं. तिकडे बघून त्याने आवाज खाली आणला.

"फायनलचं रेकॉर्डिंग त्यांनी परत बघितलं. एक तर समोर खेळणाऱ्या त्या रणजितला आपला डाव आधीच माहीत होता. आणि दुसरं म्हणजे, शेवटी मॅच दीक्षाच्या हातात होती आणि तिने ती सोडून दिली. शनिवारी संध्याकाळी बोलावलंय. उत्तर नसेल तर कायमची बंदी. नाव जाहीर करणार, कारणासकट."

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्याला कोण विचारतंय, काका? मी कोच. मी तिची बाजू घेतली तर म्हणतील, हाही वाटेकरी."

मच्छिंद्र चहा न घेता गेला. सीताराम बंद दाराकडे बघत राहिले.

त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत दावे तपासण्यात गेली होती. जळालेलं दुकान खरंच जळालं की जाळलं, हे ते समोरच्या माणसाशी बोलून ओळखायचे. चांगल्या घरची माणसं किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलतात, हे त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. त्यामुळे मच्छिंद्रचं बोलणं ऐकून त्यांना राग यायला हवा होता, तो आला नाही. भीती वाटली. खरंच केलं असेल तर?

त्यांची बायको प्रेमला असती तर तिने दार उघडायला लावलं असतं. पण प्रेमला गेली होती. दिवाळीच्या आधीच.

'मॉन्स्टर मैदान' हा खेळ या घरात प्रेमलामुळे मुरला. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाई घरी बसल्या. दीक्षाने वेळ जावा म्हणून तिच्या फोनवर हा खेळ टाकून दिला, आणि थोड्याच दिवसांत आई लेकीला शिकवायला लागली. शेकडो प्राण्यांमधून सहा निवडायचे. लढाईच्या आधी समोरच्याला तुमचे सहा प्राणी दिसतात, पण कुणाला काय शिकवलंय ते दिसत नाही. एका वेळी एकच प्राणी समोर जातो. तो पडला की दुसरा.

"ताट वाढण्यासारखं आहे हो हे," प्रेमला सांगायची. "नुसत्या पुरणपोळ्या वाढल्या तर माणूस उठून जाईल. तिखट हवं, आंबट हवं, आणि एक वाटी ताक हवं. ताकाची कुणी तारीफ करत नाही. पण त्याच्यावाचून बाकीचं पचत नाही."

प्राण्यांना ती नावंही ठेवायची. ती नावं फक्त आपल्याच पडद्यावर दिसतात. कासव म्हणजे सीताराम, एवढं त्यांना माहीत होतं, कारण कासव हळू चाललं की मायलेकी त्यांच्याकडे बघून हसायच्या. बाकीच्यांची नावं त्यांनी कधी विचारली नाहीत.

त्यांनी दार वाजवलं. "दीक्षा, मच्छिंद्र येऊन गेला."

"ऐकलं मी." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तू विकलीस का मॅच?"

"नाही."

"मग रणजितला कसं कळलं?"

तिने चादर डोक्यावर ओढली.

"आणि शेवटची चाल का सोडलीस?"

"बाबा, मी काही सांगणार नाही. लावू दे बंदी."

सीताराम बाहेर आले. मेथी तशीच पडली होती. थोड्या वेळाने आतून दबका आवाज आला. कान द्यायचा नव्हता, पण सवय जात नाही.

"रणजित, प्लीज," दीक्षा फोनवर म्हणत होती. "कुणाला सांगू नकोस. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

२

कॅफेत दुपारच्या वेळी मच्छिंद्र आणि शेफाली दोघंच होते. शेफाली दीक्षाच्या संघातली, तिची सरावाची जोडीदार. तिचे डोळे सुजलेले होते. "काका, तुम्ही माझ्यावर संशय घ्यायला आलात का?"

"मी सगळ्यांवर घेतो. माझी नोकरीच ती होती. बस. मला ती मॅच दाखवा."

मच्छिंद्रने पडदा लावला. "बघा. इथे रणजितचा लांडगा समोर आहे. आगीचा. दीक्षाने आपलं कासव बाहेर काढलं. जगातली सगळी कासवं दगड फेकतात. दगडासमोर लांडग्याला काही भीती नाही. आता रणजित काय करतो बघा."

पडद्यावर लांडगा मागे गेला आणि एक हिरवा बेडूक पुढे आला.

"हा बेडूक कशासाठी?"

"पाणी पितो. त्याच्यावर कुणी पाणी फेकलं तर उलटा ताजातवाना होतो. पण कासवासमोर बेडूक कुणी आणत नाही, काका. दगडाखाली चेंगरून मरेल. हे म्हणजे ऊन पडलंय आणि माणूस छत्री उघडून उभा आहे. लोक हसले. आम्ही नाही हसलो. कारण आपलं कासव पाणी फेकणारं होतं. ती काकूंची युक्ती."

"होतं म्हणजे?"

"आता नाही ना," शेफाली म्हणाली. "काकू गेल्यानंतर या सीझनला आम्ही त्याला बर्फ शिकवला. मीच सुचवलं. मॅचमध्ये पण त्याने बर्फच फेकला. बेडूक गारठून पडला."

"मग रणजितचं नुकसानच झालं की."

"झालं. पण त्याला काहीतरी माहीत होतं, हे सगळ्यांना दिसलं."

मच्छिंद्रने शेवट दाखवला. रणजितकडे एकच प्राणी उरला होता, वटवाघूळ. दीक्षाकडे दोन होते, कासव आणि काजवा. काजवा समोर होता.

"हा काजवा स्वतःला जाळून घेतो," मच्छिंद्र म्हणाला. "पूर्ण जळून जातो, पण समोरचा आंधळा होतो. मग मागून कासव येतं आणि एका फटक्यात काम संपवतं. सगळा संघच त्यावर बांधलाय. शेंबडं पोरही जाळेल इथे. आणि ही बघा."

दीक्षाने काजवा मागे घेतला. त्याच्या जागी कासव आलं, त्याच्यावर वटवाघळाचा घाव बसला आणि कासव पडलं. मग एकट्या काजव्याच्या हाती काही उरलंच नाही.

सीतारामांनी चष्मा पुसला.

"बर्फाचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"आम्हा दोघांना आणि दीक्षाला."

"तिघांपैकी कुणी डाव विकला असता तर काय विकलं असतं?"

मच्छिंद्र थांबला. "बर्फ."

"मी नोकरीत एक शिकलो," सीताराम म्हणाले. "विकणारा शिळा माल विकत नाही, त्याला परत तोंड दाखवायचं असतं. ज्याच्याकडून हे फुटलं त्याला बर्फाचं माहीतच नव्हतं. रणजितला पाण्याचं आधीपासून माहीत असेल?"

"छे. तो या खेळात उतरलाच या वर्षी. काकू गेल्यावर."

"म्हणजे यंदाच त्याला कुणीतरी जुनं कासव दाखवलं. आता सांगा, जुनं कासव कुणाला माहीत होतं आणि नवं कुणाला माहीत नव्हतं?"

शेफालीने तोंडावर हात धरला. उत्तर तिघांनाही सुचलं होतं आणि कुणालाच बोलायचं नव्हतं. शेवटी सीतारामच बोलले.

"अशी एकच व्यक्ती आहे. तिला जाऊन वर्ष व्हायचंय."

मच्छिंद्रने प्रेमलाचं खातं शोधलं. मैदानात कुणाचंही नाव टाकलं की त्याचे मागचे खेळ बघता येतात. तिने नाव घेतलं होतं 'गायकवाडबाई', शाळेतली मुलं हाक मारायची तेच.

पडदा उघडला. शेवटचा खेळ: आज दुपारी.

३

सीतारामांना शेफालीने पाणी दिलं. दोन्ही हातांनी पेला धरून ते प्यायले.

"हॅक केलं असेल कुणी," मच्छिंद्र पुटपुटला. पण त्याचाही चेहरा उतरला होता. त्याने मागचे खेळ लावले. तेच सहा प्राणी, तेच पाणी फेकणारं कासव. गेल्या काही महिन्यांतले खेळ होते, बहुतेक दुपारचे, आणि जवळजवळ सगळे हरलेले.

"नवशिका आहे कुणीतरी."

"नाही दादा," शेफाली म्हणाली. ती पडद्याजवळ गेली. "नवशिका सगळीकडे चुकतो. हा बाकी ठीक खेळतोय. हे बघा, इथे काजवा मागे घेतला. इथे पण. काजवा मरायला आला की मागे घेतो. स्वतःला जाळायची चाल तर एकदाही नाही." मग ती पडद्यापासून मागे सरली.

ती का मागे सरली ते सगळ्यांना कळलं. फायनलला दीक्षाने हेच केलं होतं.

"म्हणजे दीक्षाच आईच्या नावाने खेळते," मच्छिंद्र हळू म्हणाला. "विकलं नसेल. पण सरावात रणजितशी गाठ पडली असणार, आणि हिने सगळं उघडं ठेवलं. कमिटीला हे कळलं तर संपलंच. तेच खातं, तीच चूक. आज दुपारी ती कुठे होती, काका?"

"घरी."

"तुमच्यासमोर?"

दीक्षा घरात होती. पण दार बंद होतं, आणि दाराच्या आत तिच्या हातात फोन होता. शपथ घ्यायची वेळ आली तर सीताराम काय सांगणार होते? त्यांनी जन्मभर लोकांना हाच प्रश्न विचारला होता, डोळ्यांनी पाहिलंत का? लोक चाचरले की ते कागदावर फुली मारायचे.

शनिवार जवळ येत होता. घरी परतल्यावर त्यांनी दीक्षासाठी भाकरी केली. तिने चतकोर खाल्ली. प्रेमलाच्या फोटोपुढची मेणबत्ती लावताना तिच्या दोन काड्या वाया गेल्या. सीताराम ते बघत होते आणि त्यांच्या मनात एकच विचार होता, की या घरातलं एक माणूस गेलंय, आता दुसरं असं डोळ्यांसमोर झिजायला लागलं तर मी काय करू.

"उद्या मी लोणी काळभोरला जातोय," ते म्हणाले. "रणजितकडे."

दीक्षाच्या हातातली काडी विझली. "बाबा, नका जाऊ. तुमच्या पाया पडते."

४

रणजितच्या घरापुढे मोठा ओटा होता आणि ओट्यावर त्याचे वडील, रावसाहेब, पेपर वाचत बसले होते. सीताराम कोण ते कळल्यावर त्यांनी पेपर खाली केला.

"तुमची पोरगी हारली, आन् तुम्ही आमच्या दारात? आमचं पोरगं जितलं ह्यात आमचा काय गुन्हा हाय?"

"काही गुन्हा नाही. मी अभिनंदन करायला आलोय."

"हां. बिबवेवाडीहून बस बदलून. अभिनंदन करायला." रावसाहेबांनी आत हाक मारली. "रण्या! पुण्याचं पाव्हणं आलंय. च्या सांग. आन् खरं काय ते बोल, मी हितंच बसलोय."

रणजित आला. वाढत्या अंगाचा, लाजरा मुलगा. सीतारामांना बघून त्याचा रंगच गेला. "काका, मी प्रॉमिस केलंय. मला काही विचारू नका."

"नाही विचारत. दिलेला शब्द मोडू नकोस. मी बोलतो, तू फक्त ऐक. चुकलो तर मान हलव."

रावसाहेब पेपरावरून बघायला लागले.

"दुपारी कॉलेजच्या सुट्टीत तू मैदानात सराव करायचास. तिथे 'गायकवाडबाई' नावाच्या खात्याशी तुझी गाठ पडायची. पुष्कळदा. त्यांचं कासव पाणी फेकतं, हे तू तिथे पाहिलंस. फायनलला दीक्षा गायकवाडचे सहा प्राणी समोर आले, तेव्हा तू ओळखलंस की संघ तोच आहे. म्हणून बेडूक आणलास. यात लबाडी काही नाही. डोकं आहे."

रणजितने मान हलवली नाही.

"फायनलनंतर दीक्षाचा तुला फोन आला. तुला कसं कळलं ते तिने विचारलं, आणि मग म्हणाली की ते कुणाला सांगू नकोस. कारण ते खातं तीच चालवते."

रणजितने जोरात मान हलवली. "नाही, काका! ती नाही चालवत."

सीताराम पुढे सरकले. "कशावरून?"

मुलाने वडिलांकडे बघितलं. रावसाहेब म्हणाले, "बोल की लेका. मान हलवलीस तवाच शब्द मोडला. आता निम्मा मोडून काय ठेवतूस?"

"सेमीफायनल शुक्रवारी दुपारी होती," रणजित म्हणाला. "दीक्षाताई स्टेजवर खेळत होत्या, सगळ्यांसमोर. माझी झाली होती, म्हणून मी बाहेर पायरीवर बसून फोनवर खेळत होतो. गायकवाडबाईंशीच. एक माणूस दोन ठिकाणी कसं असेल?"

सीतारामांनी डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी त्यांचा श्वास पोटापर्यंत गेला. पण लगेच दुसरी काळजी वर आली. मग कोण?

"ते कधी काही बोलायचे? लिहून?"

"कधीच नाही. मी हाय म्हटलं तरी उत्तर नाही. म्हणजे एकदाच लिहिलं होतं. मॅच संपल्यावर. मी काही विचारलं नव्हतं, तरीच. मला विचित्र वाटलं म्हणून लक्षात राहिलं."

"काय लिहिलं होतं?"

"'हो. डबा खाल्ला.' एवढंच."

चहा आला. सीतारामांनी कप हातात घेतला, पण तो तोंडापर्यंत जाईना.

प्रेमला जिंको नाहीतर हरो, प्रत्येक खेळानंतर समोरच्याला एकच गोष्ट लिहायची. जेवलास का? बंगळूरचा असो, दिल्लीचा असो, मराठी कळो न कळो. दीक्षा हसून लोळायची. ती आता विचारत नव्हती. पण कुणीतरी तिला उत्तर देत होतं.

"काय झालं वो?" रावसाहेबांनी विचारलं. आवाज एकदम उतरला होता. "तब्येत बरी हाय ना?"

"हो," सीताराम म्हणाले. "मला वारज्याला जायला हवं."

५

सौरभ हा सीतारामांचा थोरला. आयटीत होता, वारज्याला फ्लॅट घेऊन राहायचा. आईच्या खेळाचा त्याला राग होता. 'आई, या वयात भुतं काय पाळतेस?' असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. आई गेली तेव्हा त्याने हॉस्पिटलपासून सगळं एकट्याने केलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी पाहुणे रडत होते आणि हा पंगतीत वाढत होता. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. एक नातेवाईक बाई म्हणालीही, पोरगं दगडाचं आहे. सीतारामांना तेव्हा ते खरं वाटलं होतं. त्यानंतर बापलेकात जेवढ्यास तेवढं बोलणं राहिलं.

आईचा फोन तो घेऊन गेला होता. फोटो काढून घेतो म्हणाला होता.

शनिवारी सकाळी सीतारामांनी बेल वाजवली. "बाबा? काही झालं का? फोन तरी करायचा."

"फोन कुणाकडे असतो, ते बघायलाच आलोय."

सौरभला कळलं नाही. ते आत गेले. स्वयंपाकाच्या ओट्यावर धुतलेला स्टीलचा डबा पालथा घातला होता. टीव्हीशेजारच्या फळीवर दोन फोन चार्जिंगला होते. एक सौरभचा. दुसऱ्याला कोपऱ्यात तडा गेलेला होता. तो तडा सीतारामांच्या ओळखीचा होता, कुकरचं झाकण पडलं होतं त्याच्यावर.

"गेलेल्या माणसाचा फोन कुणी चार्जिंगला लावतं का रे?"

सौरभने फोनकडे बघितलं आणि मग खिडकीकडे. "फोटो काढायचे राहिलेत अजून."

"सौरभ. दुपारी डबा खाल्ल्यावर तू काय करतोस?"

तो सोफ्याच्या कडेवर बसला.

"ती म्हणायची, एक डाव खेळ ना माझ्याशी," तो म्हणाला. "दर वेळी म्हणायची. मी म्हणायचो, रविवारी. फोन घेतला तेव्हा खरंच फोटोच काढणार होतो, बाबा. पण तो खेळ उघडला गेला आणि तिची सगळी भुतं रांगेत उभी. वाट बघत. मग मी दुपारी ऑफिसात एक डाव खेळायला लागलो. रोज हरतो. कुणाला कशाला सांगायचं? लोक म्हणतील, जिवंत होती तेव्हा..."

सीतारामांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. शेजारी बसून त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो दगडाचा मुलगा तिथेच फुटला.

बऱ्याच वेळाने सीताराम म्हणाले, "काजवा का मागे घेतोस?"

सौरभने डोळे पुसले, फोन उचलला, खेळ उघडला आणि त्यांच्या हातात दिला. आईच्या पडद्यावर आईने ठेवलेली नावं होती. घार, तिच्याखाली 'सौरभ'. खार, तिच्याखाली 'दीक्षा'. गेंड्याखाली 'मालनबाई', ते सीतारामांच्या आईचं नाव. ते वाचून एवढ्यातही त्यांना हसू फुटलं. साळिंदराखाली 'हेडबाई'. कासवाखाली लिहिलं होतं 'अहो'.

आणि काजव्याखाली एकच अक्षर होतं. 'मी'.

"कसं जाळू?" सौरभ म्हणाला.

सीतारामांनी फोन मांडीवर ठेवला. मग त्यांनी त्याला फायनलबद्दल सांगितलं, कमिटीबद्दल सांगितलं. सौरभ ताडकन उठला. "माझ्यामुळे? आणि तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"रणजितने खात्याचं नाव सांगितलं तेव्हाच तिने ओळखलं, आईचा फोन तुझ्याकडे असतो म्हणून. चल. शर्ट बदल."

६

कमिटीची बैठक कोथरूडच्या एका हॉलमध्ये होती. कल्याणी मॅडम मुख्य. बारीक आवाजाच्या बाई, पण बोलणं सुरीसारखं. "गायकवाड, मुलीच्या जागी वडील बोलणार, हे आमच्या नियमात बसत नाही. पण बोला. आम्ही काही नियमांवर जेवत नाही."

दीक्षा कोपऱ्यात होती. सौरभला आत येताना बघून ती उठली. "दादा, तू कशाला आलास? बाबा, मी सांगितलं होतं ना!"

"बस," सौरभ म्हणाला. "माझं लपवायला तू चोर झालीस?"

"तुला कळलं असतं तर तू परत खेळला नसतास." ती रडायला लागली. "तेवढंच करत होतास तू तिच्यासाठी."

सीतारामांनी एकेक गोष्ट मांडली. रणजितने ज्याच्यापासून सावध राहायचं ठरवलं ते पाणी होतं, कासवात होता बर्फ. विकणाऱ्याला बर्फ माहीत असता. फुटलं ते जुन्या खात्यातून, आणि ते खातं सेमीफायनलच्या दुपारी चालू होतं, दीक्षा स्टेजवर असताना. रणजित आला होता, त्याने उभं राहून होकार दिला. रावसाहेबही आले होते. "पोरगं खरं बोलतंय," ते कुणी विचारलं नसताना म्हणाले, "मी ऐकलंय," आणि खाली बसले.

"उघड्या मैदानात कुणी खेळलं आणि कुणी ते बघितलं, हा गुन्हा नाही," कल्याणी मॅडम म्हणाल्या. "पहिला मुद्दा संपला. दुसरा राहिला. काजवा. जिंकणारी चाल समोर असताना ती न खेळणं, याला आमच्याकडे एकच शब्द आहे."

सीताराम दीक्षाकडे वळले. "पडदा लाव, बाळा. तुझी नावं दाखव."

"बाबा, नको."

"लाव."

दीक्षाने संघ उघडला. तिच्या पडद्यावर कासवाखाली 'बाबा' होतं आणि घारीखाली 'दादा'. काजव्याखाली लिहिलं होतं 'आई'.

मागे उभ्या मच्छिंद्रने मान खाली घातली. शेफालीने दीक्षाचा हात धरला.

"सरावात जाळायचे मी," दीक्षा कशीबशी म्हणाली. "शेफालीला विचारा. ठरवून डोळे मिटून बटण दाबायचे. त्या दिवशी मोठ्या पडद्यावर ती एकटी उभी होती. नाही दाबलं गेलं."

कल्याणी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग परत लावला.

"मॅच विकली गेली का, ते बघणं हे कमिटीचं काम," त्या म्हणाल्या. "चुकली का, ते नाही. निकाल रणजितचाच राहील. प्रकरण बंद." जाताना त्या दीक्षापाशी थांबल्या. "पुढच्या वेळी काजव्याला दुसरं काहीतरी नाव ठेव. हा सल्ला आहे, नियम नाही."

त्या रात्री सौरभ वारज्याला गेला नाही. आईचा फोन घेऊन तिघं जमिनीवर बसले. रणजित पलीकडून खेळत होता, त्याला मुद्दाम बोलावलं होतं. सीतारामांनी आयुष्यात पहिल्यांदा हा खेळ हातात घेतला. सौरभ एका बाजूने सांगत होता, दीक्षा दुसऱ्या बाजूने, आणि ते दोघांचंही ऐकत नव्हते.

घार पडली. खार पडली. मालनबाई बऱ्याच टिकल्या. मग काजवा समोर आला.

"बाबा, मागे घ्या," दीक्षा म्हणाली.

सीताराम पडद्याकडे बघत होते. गुडघा उशीवर ठेवून, पेन्सिल केसांत खोचून प्रेमला इथेच बसायची. हिशोबाची पक्की. कुठला प्राणी कुठे, हे तिने उगाच ठरवलं नव्हतं.

"तुम्ही दोघं तिचा संघ चुकीचा खेळलात," ते म्हणाले. "ताक शेवटी पिऊन टाकायचं असतं. नुसतं वाटीत ठेवायचं नसतं. हे तिने बांधलंय. आधी मी, मग अहो."

त्यांनी बटण दाबलं.

काजवा पेटला. सगळा पडदा पांढरा झाला, आणि पांढरं ओसरलं तेव्हा ती जागा रिकामी होती. सौरभने दीक्षाचा खांदा घट्ट धरला. मग खालून कासव बाहेर आलं. नेहमीसारखंच, सावकाश.

"आता?" सीतारामांनी विचारलं.

"आता पाणी, बाबा," सौरभ म्हणाला.

खेळ संपल्यावर खाली लिहायची चौकट उघडली. सीताराम एका बोटाने एकेक अक्षर शोधत राहिले. मुलांना वाटलं बाबा कोण जिंकलं ते वाचतायत. त्यांनी लिहिलं, 'जेवलास का?' आणि पाठवून दिलं.

मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्ही?"

दोघांनी नाही म्हणून माना हलवल्या. सीताराम गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तांदूळ धुवायला गेले.